तीन डायनॅमो नापास

बारामती एमआयडीसीच्या रस्त्यावर गाड्यांची वायरिंग करणारे एक तात्या आहेत. वडिलांच्या जुन्या मोटारीचा, बॅटरी भरणारा डायनॅमो जळाला, तेव्हा मी त्यांच्याकडं गेलो. "जोडीचा शोधून आणा," म्हणाले. मग मी नुसत्या बॅटरीवर गाडी हाकत भवानीनगर ते इंदापूर भंगारची दुकानं पालथी घातली. आणलेला डायनॅमो तात्या कानाशी धरून फिरवायचे आणि स्थळ नाकारावं तसं म्हणायचे, "न्हाय जमत." असे तीन झाले.

एकदा मी तिथं असताना एक पुढारी माझ्यासारखीच, डायनॅमो गेलेली मोटार टेम्पोत घालून आले. दुसऱ्या दिवशी मुलाची वरात होती.

"तात्या, कायबी बसवा, पण गाडी चालली पायजे."

"डायनॅमो न्हाय, सायेब. बॅटरी भरून देतो. बँड मोठा लावा, इंजिन बंद पडल्यालं कुणाला कळायचं न्हाय."

पुढारी गेल्यावर तात्यांनी बाकाखालून फडक्यात गुंडाळलेला डायनॅमो काढला आणि माझ्या गाडीला बसवला.

"होता, तर मला एवढं फिरवलंत कशाला?"

"तुमी गाडी चालवताय का नुसती पुसताय, ते बघत हुतो."

आता त्यांच्या दुकानावरून जायचं असलं, की मी गाडी आधी कन्हेरीच्या कच्च्या, धुळीच्या रस्त्यानं फिरवून आणतो.