लॉबीतला केवडा

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीला लॉबीत लावायला शंकराचं चित्र हवं होतं. काम माझ्याकडे आलं, कारण मी चित्रकार आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फुकट. मी पिंडीवर धोत्र्याचं पांढरं फूल रंगवलं. ज्याने विष पचवलं त्याला विषारी फूलच शोभतं, एवढाच त्यातला अर्थ.

कमिटीची बैठक बसली. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, धोत्रा विषारी असतो. लॉबीत लहान मुलं खेळतात." रंगवलेलं फूल कोणतं मूल खाणार होतं, हे मी विचारलं नाही. "त्यापेक्षा काहीतरी सुवासिक काढा. केवडा काढा," असं त्यांनीच सुचवलं. केवड्याने खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने त्याला आपल्या पूजेतून कायमचं हाकललं, ही गोष्ट मला लहानपणापासून पाठ. पण एवढ्या विद्वान कमिटीला मी काय शिकवणार? मुकाट्याने केवडा रंगवला आणि मनातल्या मनात हसलो.

दोन वर्षं लोक त्या चित्राला हात जोडून लिफ्टमध्ये शिरत होते. परवा सकाळी पूजेच्या फुलांच्या पुड्या देणाऱ्या बाई चित्रासमोर थबकल्या. "शंकराला केवडा? काढणाऱ्याला एवढंही कळू नये?"

सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले, "आम्हाला तेव्हाच खटकलं होतं हो. पण कलाकारांना कोण सांगणार?"

मी शेजारीच लिफ्टची वाट बघत उभा होतो. चित्राखाली सही माझी होती, आणि माझ्या बाजूने साक्ष द्यायला होता फक्त केवडा.