छापील चूक

पुण्याच्या एका प्राध्यापकाने आमच्या बाईंना फसवले. बाई जुन्या रोगराईचा इतिहास लिहितात. माझ्या नवी पेठेतल्या कापडदुकानात बसून म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना साथींची नावे विचारतात. साडीच्या भावावर कधी घासाघीस नाही, शब्दावर मात्र तासभर. त्यांच्या लेखात 'मानमोडी' या तापाचे छापताना 'मानमाडी' झाले. प्राध्यापकाने तो लेख चुकीसकट स्वतःच्या पुस्तकात घातला आणि बाईंचे नाव तेवढे गाळले. आता जो तो त्याचाच दाखला देतो.

मी भडकलो. "बाई, चोर मुद्देमालासकट घावलाय, सोडता कशाला?"

"शेठ, आधी शब्द नीट होऊ द्या की. पोरं चुकीचं शिकतील."

त्यांनी प्राध्यापकाला फक्त दुरुस्ती कळवली. एवढा मोठेपणा मला जमला नसता. नव्या आवृत्तीत शब्द सुधारला, बाईंचे नाव नाहीच. प्राध्यापकसाहेब, ही दुरुस्ती तुम्हाला कोणी पाठवली, ते कुठे छापलेत?