थांबाताई आणि उघड्या खिडक्या

माझ्या शेजारणीला कामावर सगळे थांबाताई म्हणतात. ती ड्रोनने मोठ्या इमारतींच्या काचा धुते. जमिनीवरच्या पंपातून लांब पाइप वर जातो, ड्रोन फवारा मारतो, आणि ही खाली मान वर करून उभी. कोणी खालून चाललं की "थांबा!", वारा सुटला की "थांबा!" शाळेत माझीच विद्यार्थिनी होती. तेव्हाही गडी बाद की नाही यावरून अख्खा खेळ थांबवायची.

तिचा नवरा हेच काम दोरावर लटकून करायचा. गेल्या वर्षी त्याचा खांदा निखळला. अजून हात कानाच्या वर जात नाही. तरी दोराची पिशवी दाराआडच्या खुंटीवर तयार. "ड्रोनचं नाही जमलं, तर आहेच मी," असं तो म्हणाला की हिच्या कपाळाला आठी पडते. म्हणून ऑफिसांच्या इमारतीचं पहिलं मोठं काम तिला पार पाडायचंच होतं.

इमारत चारी बाजूंनी पाहून तिने मॅनेजरला सांगितलं, "रविवारी करू. ऑफिसं बंद, खाली वर्दळ नाही."

"छे, कामाच्या दिवशीच करा! लोकांना दिसू दे, आपण किती पुढे गेलोय ते."

मग तिने खालची जागा अडवली, फलक लावले, मजल्यामजल्यावर जाऊन 'खिडक्या लावून घ्या' म्हणून सांगून आली. "बाई, बघायला या," म्हणाली होती, म्हणून मी समोरच्या बाकावर बसले होते.

वरचे मजले झकास झाले. पाचव्यावर खिडकी उघडली आणि मोबाइल धरलेला हात बाहेर आला. फवारा सरळ संगणकांवर गेला असता.

"थांबा!" ड्रोन खाली आला. मदतीला आलेला नवरा जिन्याने जाऊन खिडकी लावून आला, तोवर पलीकडे दोन उघडल्या.

"अहो, काचेतून काढा की व्हिडिओ!"

"काच मळकी आहे हो, नीट येत नाही!"

एवढ्यात चौथ्या मजल्यावरून मॅनेजरनेच डोकं बाहेर काढलं. "ताई, काम का बंद?"

"तुमची खिडकी उघडी आहे म्हणून."

"ती मी विचारायला उघडली!"

"मग लावा."

"लावल्यावर तुमचं ऐकू कसं येणार?"

मला हसू आवरेना. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं.

संध्याकाळी मॅनेजर खाली उतरले. "अर्धी दाढी केल्यासारखी दिसतेय इमारत. उद्या दोरवाला लावा."

"आहे की मी," नवरा म्हणाला.

"रविवार द्या," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"देतो. पण नाही झालं, तर सोमवारी दोर."

रविवारी एकही खिडकी उघडी नव्हती, आणि सकाळपासून वारा. वारा मोजायचं यंत्र हातात धरून ती दुपारपर्यंत उभी राहिली आणि सामान न उघडताच परतली.

"बोलू नका आज माझ्याशी, बाई," जिन्यात म्हणाली.

थोड्या वेळाने त्यांच्या घरातून चढे आवाज आले, म्हणून मी गेले. नवरा पिशवी काढून बसला होता.

"एका दिवसाचं काम आहे गं."

"हात वर करा बघू."

त्याने केला. कानापाशी अडला. चेहरा वेडावाकडा झाला.

"शर्ट घालताना बाही मी धरते, आणि हे म्हणे दोरावर लटकणार!" तिने भाजीची सुरी आणली आणि खाली बसून दोर कापायला घेतला. दोर चिवट. कापताना ती रडत होती की चिडत होती, मला कळलं नाही.

"अगं, चांगला दोर होता!"

"तोच तर त्रास होता."

सोमवारी मॅनेजरने खूप आदळआपट केली, दुसरा दोरवाला शोधला. तो लवकर मिळेना. अर्ध्या धुतलेल्या इमारतीकडे जो तो बोट दाखवून हसत होता, तेव्हा कुरकुरत त्यांनी आणखी एक रविवार दिला.

त्या रविवारी वारा पडला होता. त्याच दोराचे तुकडे बांधून तिने खालची जागा अडवली. चौथा मजला संपत आला, तोच पहारेकऱ्याने खिडकी उघडली आणि कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

"थांबा!"

नवरा पुटपुटत जिना चढायला लागला. जिना चढलेला तिला चालतो.