काकूंची उभी रेघ

वहीचं पान उघडलं की काकू आधी मधोमध पट्टीनं उभी रेघ मारत. समोरचा माणूस ताटकळत बसलेला असो, मी घामानं डबडबलेला असो, रेघ झाल्याशिवाय पहिला प्रश्न विचारू देत नसत. "माणूस बोलला ते डावीकडे, तुला वाटलं ते उजवीकडे. आणि उजवं आज नाही भरायचं. थकलेल्या माणसाला घरी जायची जल्दी असते, तो काहीही लिहितो."

मोबाइलवरचं ॲप बनण्याआधी ते वापरणाऱ्या माणसांशी बोलायचं, हे आमचं काम. काकू रामघाटावरच्या, उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी भिक्षुकाच्या घरातल्या, विद्यापीठाच्या कचेरीतून टंकलेखनाची नोकरी करून निवृत्त झालेल्या. मी विचारी, त्या टिपून घेत. तिसऱ्या दिवशी दोघं मिळून सगळी डावी पानं वाचायची, सारख्या बोलण्याखाली एकाच रंगाची पेन्सिल ओढायची, आणि मग उजवीकडे वळायचं. या सोवळ्याचा मला जाम वैताग येई.

मुन्शी घाटावर होड्यांच्या बुकिंगच्या ॲपसाठी आम्ही आठवडाभर हिंडलो. शेवटच्या दिवशी एक म्हातारा नावाडी म्हणाला, "ई सब त ठीक हौ भइया, बाकी हमार पारी के देखी?" माझी पाळी कोण बघणार, हे त्याचं विचारणं काकूंनी जसंच्या तसं डावीकडे उतरवलं. अहवाल त्याच संध्याकाळी हवा होता. माझ्या पायांचे तुकडे पडले होते. काकूंची वही न उघडताच मी ठोकून दिलं, 'वयस्कर नावाड्यांना ॲप नको आहे.'

तरुण नावाडी वापरतील म्हणून ॲप आलं, त्यात पाळीची सोय नव्हती. जवळ असेल त्या नावेला गिऱ्हाईक मिळू लागलं. घाटावर आधी कुणाची नाव, नंतर कुणाची, हे वर्षानुवर्षं पाळीनं चाललेलं; ते पार कोलमडलं. भाऊबंदांत मारामाऱ्या झाल्या आणि ॲप गुंडाळावं लागलं. म्हातारा भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "हम त कहले रहली, भइया." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या कामाच्या वेळी काकूंनी रेघ मारायची पट्टी तेवढी माझ्या हातात दिली.

यंदा त्यांनी काम सोडलं. कान जड झाले होते. "नीट ऐकू येत नाही रे. मग मी अंदाज लिहीन, आणि तो डावीकडे जाईल. ते पाप नको."

"काकू, तुमच्याशिवाय मला जमणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी कानामागे हात धरला. "पुन्हा बोल."

तीनदा बोललो. मग त्यांनी वही उघडली, रेघ मारली, माझं वाक्य डावीकडे लिहिलं आणि वही मला देऊन टाकली.

उजवी बाजू कोरी आहे. दमून घरी आलो की ते पान काढून बसतो. 'जमेल' असं तिथं लिहावंसं पुष्कळदा वाटतं. पण आज नाही भरायचं.