मायतेबाईंचं खालचं फाटक

आमच्याकडची रीत अशी, की फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं आणि लावलेलं असेल तर आपल्यामागे लावून घ्यायचं. आमचे हे, हॉयट, या रीतीबाहेर आयुष्यात एकदाच गेले, आणि तेही चांगुलपणानं. चांगुलपणाशी माझं वैर नाही. पण तो करण्याआधी माणसानं तोंड उघडून विचारावं की नाही?

शेजारच्या मायतेबाई म्हणजे स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळाची बायको. नवरा, बेर्नात, गेला, मुलं डेन्व्हरला गेली, मेंढ्या विकून झाल्या. मागे राहिलं ते बेर्नातचं कुंपण. कोयोटे, म्हणजे आमच्याकडचे लांडग्यासारखे कोल्हे, शिरू नयेत म्हणून त्यानं जमिनीला टेकलेली जाळी मारली होती, पार टेकडीपर्यंत. ती उपटायची तर गावचं गाव कामाला लावावं लागलं असतं.

त्या जाळीचा जाच एकाच जनावराला, काळविटासारख्या दिसणाऱ्या प्रॉन्गहॉर्नला. आम्ही वायोमिंगवाले त्यांना नुसतं बकऱ्या म्हणतो. धावायला लागल्या तर आमचा पिकअप मागे पडेल, पण कुंपण आलं की अक्कल गहाण. उडी मारणार नाहीत. तारेखालून सरपटत जायचं तेवढं त्यांना ठाऊक, आणि इथे तर खाली फटच नाही. मोठ्या कानांची हरणं मात्र तेच कुंपण टुणकन ओलांडतात.

म्हणून मायतेबाई दर पानगळीत गुपचूप खालचं फाटक सताड उघडून ठेवायच्या. कळप त्यातून दक्षिणेच्या टेकडीवर जायचा. तिथे वाऱ्यानं बर्फ टिकत नाही, सेजची झुडपं, त्यांचा हिवाळ्यातला चारा, उघडी राहतात. कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, बकऱ्यांना फुकट चारणारी म्हातारी म्हणून. मे महिन्यात सगळं कुरण पिवळ्या-निळ्या फुलांनी भरायचं, फक्त त्या फाटकात खुरांखाली गवताची काडी उगवायची नाही. मी एकदा तिथे निळ्या ल्युपिनच्या फुलांचं बी टाकू का म्हणून विचारलं, तर फटकन म्हणाल्या, "काही नको. ते बोडकंच छान दिसतं." मला वाटलं, म्हातारीची लहर.

एका वर्षी, फाटक उघडून झाल्यावर, अंगणात पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या इस्पितळात असताना हॉयट त्यांच्या घोड्यांना चारा घालायला जायचे. एकदा खालचं फाटक उघडं दिसलं. शिकारीचे दिवस होते. त्यांना वाटलं, बाहेरगावचे शिकारी उघडं टाकून गेले. त्यांनी फाटक लावलं, वर तारेनं घट्ट बांधलं, आणि कुणाला सांगितलं नाही. शेजाऱ्याचं काम करून सांगत सुटणं आमच्यात हलकं समजतात.

बाईंना घरी आणलं त्याच संध्याकाळी बर्फाचं वादळ सुटलं. मी सोबतीला राहिले. वादळ थांबलं तेव्हा त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी सरकवली.

"लोरीन," त्या म्हणाल्या, "माझं फाटक कुणी लावलं?"

बर्फ फाटकाच्या अर्ध्यावर चढला होता आणि अख्खा कळप त्याला टेकून उभा होता. पुढेच ती फाटक्या कानाची मादी, जिला बाई दर वर्षी शोधायच्या. फोन केला तसे हॉयट बर्फ उपसायला ट्रॅक्टर घेऊन निघाले. ट्रॅक्टरचा आवाज येताच कळप उधळला. कडक झालेला बर्फ पायाखाली फुटे, जनावर पोटापर्यंत रुते, उठे, परत रुते. दोन उठल्याच नाहीत.

"परत बोलाव त्याला! मारतोय तो त्यांना!" बाई काचेवर मुठी आपटत होत्या.

मी दारातून हात हलवून हॉयटना थांबवलं. मग त्यांनी दूर वरच्या अंगाला जाळी कापली, तिथवर वाट केली, आणि घरात येऊन बसले. कळप हळूहळू परतला. कापलेल्या जागेकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. आयांनी दाखवलेली वाट ती एकच. फाटक मोकळं करायचं तर तासन्‌तास तिथे खपावं लागणार; माणूस जवळ गेला की पळून मरणार, नाही गेला तर उपाशी मरणार.

"मी लावलं," हॉयट टोपी कुरवाळत म्हणाले. "मला वाटलं, शिकाऱ्यांनी..."

"आणि विचारायला काय झालं होतं? जीभ गोठली होती?" मी म्हटलं.

"लोरीन, पुरे," बाई म्हणाल्या. "मी तरी कुठे कुणाला सांगितलं होतं?"

मी राजम्याचं सूप गरम केलं. कुणी चमचा उचलला नाही. एवढी तीन शहाणी डोकी, दारात ट्रॅक्टर, आणि आम्ही काचेतून बघत बसलो. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. रोज सकाळी फाटकापाशी उभ्यांपेक्षा आडव्या जास्त दिसायच्या. फाटक्या कानाची बरीच टिकली. बाई तिच्याशी बास्कमध्ये बोलायच्या. एका सकाळी बोलायच्या थांबल्या.

बर्फ वितळल्यावर हॉयटनी फाटक बिजागरीतून उखडलं आणि ओढ्यात टाकलं. पुढच्या पानगळीत बाई काठी टेकत खिडकीशी बसून राहिल्या. एकही बकरी आली नाही. वाट दाखवणाऱ्याच उरल्या नव्हत्या. हरणं आली, पण ती उघडी जागा सोडून सवयीनं कुंपणावरून उडी मारून गेली.

यंदा मे महिन्यात त्यांची सून आली होती. खिडकीशी जाऊन म्हणाली, "अगंबाई, त्या दोन खांबांच्या मधे किती सुंदर निळी फुलं आलीत! मुद्दाम लावलीत का हो?"

हॉयटनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन पिकअपमध्ये बसून राहिले. मी हाक मारली नाही.