अर्जाची मागची बाजू

कादरभाई गेल्याचं कळलं, त्याच दुपारी मी त्यांच्या घरी भेटायला गेलो आणि गेल्या गेल्या घोटाळा केला. सतरंजीवर सगळे मान खाली घालून बसले होते. मीही घातली, पण वीज कंपनीच्या खिडकीवर इतकी वर्षं काढलेल्या कारकुनाची मान फार वेळ खाली राहत नाही. ती उठली आणि थेट दारावरच्या मीटरकडे वळली. चकती फिरत होती. "भरदिवसा कुठंतरी दिवा जळून राह्यला," मी बोलून गेलो. मग त्यांचा जावई हळूच म्हणाला, "अब्बांच्या कामाच्या खोलीतला हाय, बाबूजी. तेच लावून गेलते. विझवाले कोणाचा हात होऊन नाही राह्यला."

यवतमाळच्या बाजारात कादरभाईंचं कंदील आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. आमची ओळख छप्पन सालची. स्वतःच्या घरात वीज घ्यायला ते आमच्या खिडकीशी आले, अर्जावर सही केली आणि तो उलटा करून म्हणाले, "हे मांगं बारीक-बारीक काय लिहिलं हाय?" असं त्याआधी मला कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही ते कधी वाचलं नव्हतं. सगळं इंग्रजीत. मग दर रविवारी त्यांच्या दुकानात चहा पीत, त्यांना मिळालेल्या अर्जाच्या प्रतीवरून मी एकेक कलम वाचून सांगायचो आणि ते डोळे मिटून पाठ करायचे. अनामतीची पावती मागून घ्यायची. मीटर जास्त पळतं असं वाटलं तर तपासून मागायचं. तार तोडण्याआधी सात दिवसांची लेखी नोटीस मिळालीच पाहिजे... कंदिलाची काच बदलायला आलेल्या प्रत्येक बाईला हे फुकट ऐकावं लागायचं. "माह्यं पोट कंदिलावर, अन् मी लोकायले दिव्याचा कायदा शिकवून राह्यलो. माह्याएवढा येडा पाह्यला काय कुठी?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "पाह्यला. कंपनीचा पगार खाऊन तुम्हाला वाचून दाखवतो तो." दोघंही हसायचो. माझी अट एकच होती, माझं नाव कुठं निघता कामा नये.

आमच्या साहेबांना कुणकुण लागलीच. 'लोकांना हे कोण शिकवतं,' असं ते टेबलांमधून फिरत विचारू लागले आणि मी शाईची दौत उगाचच पुसू लागलो. त्याच दिवसांत एका सकाळी कादरभाई चंद्रभागाबाईंना घेऊन खिडकीशी आले. ही बाई एकटी. दिवसा दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी आणि संध्याकाळी शिवणाचं मशीन. तिला बिल मिळालंच नव्हतं आणि लाइनमन तार तोडून मोकळा झाला होता. लग्नाचे कपडे मशीनवर अर्धवट पडले होते. "बाबूजी," कादरभाई म्हणाले, "तोडाच्या आधी सात दिवसांची नोटीस लागते ना?" साहेब माझ्या खुर्चीमागं उभे होते. त्यांच्या बुटांचा करकर आवाज थांबलेला मला ऐकू आला. मी रजिस्टर चाळलं, जणू उत्तर तिथं लिहिलेलं होतं, आणि म्हणालो, "असा काही नियम नाही."

कादरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईला म्हणाले, "चाला. बाबूजी म्हणते त नसन."

पुढच्या रविवारी दुकानात जायला माझे पाय तयार नव्हते. तेच घरी आले. अर्ज उलटा करून माझ्यासमोर धरला. "पुन्हा एक डाव वाचून दाखवा बाबूजी. माह्यंच पाठांतर चुकलं असन." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी वाचलं. सात दिवस, लेखी. त्यांनी बोटाला कंदिलाची काजळी लावून आणलीच होती. त्या ओळीखाली बोट ओढलं आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन परस्पर साहेबांच्या खोलीत गेले. संध्याकाळच्या आत चंद्रभागाबाईंची तार जोडली गेली. तिनं लग्नाचे कपडे मात्र तोवर कादरभाईंनी दिलेल्या कंदिलाच्या उजेडात शिवून टाकले होते. कोण वाचून दाखवतं, हे साहेबांनी त्यांना विचारलं. ते म्हणाले म्हणे, "कंपनीनंच छापलं, साहेब." त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही चहा प्यालो. माफीचं वाक्य मी दर वेळी घरून तयार करून न्यायचो आणि दर वेळी तसंच परत आणायचो...

त्या दुपारी जावयानं मला कामाच्या खोलीत नेलं. अवजारांची पेटी उघडी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला तोच अर्ज चिकटवलेला, मागची बाजू वर करून. काजळीची रेघ अजून काळीकुट्ट. वर दिवा जळत होता. मी बटणाकडे हात नेला आणि खाली घेतला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, त्या खिडकीवरच्या खोट्यासकट, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती तुरीची डाळ निवडत होती. हात न थांबवता तिनं ऐकलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "अन् उद्या खिडकीशी येऊन कोणी तेच विचारलं, त काय सांगसान?"