अभ्रे शिवणाऱ्या संचालिकाबाई

आमच्या संचालिकाबाईंइतकं वाईट शिवणारं माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरं नसेल, आणि त्यांच्याइतकं सतत शिवणारंही नसेल. मानपाड्याला मुलींसाठी काम करणारी आमची छोटी संस्था, बाई तिच्या प्रमुख. सभेत बाकीचे संस्थाप्रमुख लॅपटॉप उघडून बसत, बाई पिशवीतून उशीचा अभ्रा काढून बसत. वागळे इस्टेटमधल्या एका देणगीदार कंपनीच्या साहेबांनी एकदा विचारलं, "मॅडम, पुढच्या पाच वर्षांचं उद्दिष्ट काय?" बाई दाताने दोरा तोडत म्हणाल्या, "ही कड सरळ यावी." साहेब हसले नाहीत.

त्याचं असं होतं की बाहेर पाटी 'शिवणवर्ग' अशी होती आणि आत मुली बारावीचा अभ्यास करत. दहावीनंतर शिक्षण बंद झालेल्या या मुलींना घरचे शिवण म्हटलं की सोडत; फक्त अधूनमधून काहीतरी शिवलेलं घरी दाखवावं लागे. मुलींचा वेळ त्यात जाऊ नये म्हणून ते बाईच शिवत. "माझी डिग्री झालीये गं, तुझी व्हायचीये. आण इकडे," म्हणत कापड ओढून घेत. मुलीच्या हाताला वळण नाही, अशी तक्रार कित्येक घरांतून यायची. ती बाईंच्या हाताबद्दल असायची.

मी तिथे उपसंचालक म्हणून रुजू झालो तो नेतृत्वाचा कोर्स करून. टेंभी नाक्यावर आईने पेढे वाटलेले. बाईंनी पहिल्याच दिवशी हे सगळं समजावून बजावलं, "मुलींच्या घरी फोन करायचा नाही. कुणाच्याही." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, जुन्या वळणाच्या आहेत. कोर्समध्ये शिकवलेलं, पालकांना विश्वासात घ्या. तिसऱ्या आठवड्यात प्राची सराव परीक्षेत गणितात पहिली आली आणि मी तिच्या वडिलांना फोन लावला.

"अभिनंदन काका! तुमची प्राची गणितात पहिली!"

पलीकडे कारखान्यातल्या मशीनचा आवाज. त्यातून त्यांनी विचारलं, "शिवणाच्या क्लासात गणित कशाला?"

"मापं घ्यायला लागतं ना, काका."

"बरं," ते म्हणाले. मला वाटलं, काय सावरलंय मी!

दुसऱ्या दिवसापासून प्राची आली नाही. बाई तिच्या घरी दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा दाराला कुलूप होतं. गावी नेऊन तिचं लग्न लावलं, हे मैत्रिणीकडून कळलं. अठरा वर्षं नुकतीच पूर्ण झालेली, त्यामुळे पोलिसांनीही हात वर केले.

मी राजीनामा लिहून नेला. बाईंनी तो वाचला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अभ्र्याचं माप आखलं. "तू सुटशील रे. पुढच्या मुलीचं काय? बस इथे. सुईत दोरा ओवता येतो?"

येत नव्हता.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांची खुर्ची मला मिळाली आणि आईने पुन्हा पेढे वाटले. मला एकही गेला नाही. आता सभेत मी अभ्रा काढून बसतो, आणि माझे टाके बाईंपेक्षा वाकडे येतात. त्यांच्या टेबलाच्या खणात प्राचीसाठी शिवायला घेतलेला अभ्रा अर्धाच राहिलाय, सुई त्यातच टोचलेली. निरोपाच्या दिवशी मी विचारलं होतं, "हा पुरा करून टाकू का?"

"नको. असू दे तसाच. आली तर तिच्यासमोर पुरा करू."

सुई गंजू नये म्हणून मी ती मधूनमधून बदलतो.